मदत हवी आहे: घरी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, अशा मुलांना लिहायला कसं शिकवावं?

मंडळी, कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन कुटुंबांतल्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी स्पॅनिश लेखनाचा वर्ग आखतोय. आजीचं बोलणं त्यांना सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. नवशिक्यांसोबत बसवलं की कंटाळतात (रंग आणि आकडे किती घोकणार!), वरच्या वर्गात लिहिताना अडतात. स्पॅनिशमध्ये 'बी' आणि 'व्ही'चा उच्चार एकच, 'एच' मुका. त्यामुळे कानाला येईल तसं लिहितात. आघातचिन्हं (á, é सारख्या अक्षरांवरची तिरकी रेघ) तर गायबच. आठवड्यातून दोनदा 10 मिनिटं श्रुतलेखन आणि घरच्यांची 5 मिनिटांची मुलाखत रेकॉर्ड करून उतरवणं, असा बेत आहे. खरी गोची पुढे: घरातला 'त्रोका' (इंग्रजी 'ट्रक'वरून आलेला बोलीतला शब्द) खोडून त्याच अर्थाचा प्रमाण स्पॅनिश शब्द 'कामिओनेता' लिहिला की मूल गप्पच होतं. माझ्या मते खोडूच नये. पण मग गुण कसे द्यायचे? परदेशात मराठी शाळा चालवणाऱ्यांनो, तुम्ही काय करता?