पहिला एअरब्रश घ्यायचाय, कॉम्प्रेसरवर गाडी अडलीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गेली तीन वर्षं १:७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) मॉडेल विमानं ब्रशनेच रंगवतोय, पण मोठ्या पंखांवर ब्रशचे फराटे राहतातच, कितीही पातळ थर दिले तरी, आणि कॅमोफ्लाजच्या मऊ कडा तर हाताने जमतच नाहीत. म्हणून आता एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) घ्यायचं नक्की केलंय.

वाचून एवढं ठरलंय की ड्युअल अ‍ॅक्शन, वर रंगाचा कप असलेला ग्रॅव्हिटी फीड आणि ०.३ मिमीचा नोझल. सिंगल अ‍ॅक्शन (बटण दाबलं की हवा आणि रंग एकदमच येतात) सोपा असतो म्हणतात, पण हवा आणि रंग एकाच बटणावर वेगवेगळे सांभाळायची सवय पहिल्यापासूनच लागलेली बरी असं मला वाटतं.

खरी अडचण हवेची. मित्राचा एअरब्रश गॅसच्या कॅनवर चालवून बघितला तर थोड्याच वेळात कॅन बर्फासारखा गार आणि प्रेशर खाली, अर्ध्या पंखावर रंगाचे थेंब थेंब उडाले, फार वाईट वाटलं. त्यामुळे कॅन नको. आता छोटा बिनटाकीचा कॉम्प्रेसर (हवा दाबून पुरवणारा पंप) घ्यावा की ३ लिटर टाकीवाला? टाकीमुळे हवा एकसारखी येते आणि मोटरला मधे विश्रांती मिळते हे पटतं, पण घरात लहान बाळ आहे, मी रात्रीच रंगवायला बसतो, तर आवाज कितपत होतो? रेग्युलेटर (दाब कमीजास्त करायला) आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवायला) तर हवाच ना?

आणि अ‍ॅक्रिलिक १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वर मारताना सुईच्या टोकावर रंग सुकू नये म्हणून तुम्ही रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव्य) घालता की नुसता थिनर वाढवता? जे स्वतः वापरताय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.