इंग्रजांचे पूल उभे आणि आपले बांधतानाच आडवे?

टिळकवाडीकर : ‘इंग्रजांचे पूल शंभर वर्षे टिकतात, आपले मात्र बांधतानाच कोसळतात’, हे वाक्य काल इथे पुन्हा वाचले आणि राहवले नाही. कॅनडातील क्विबेकचा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळून ७५ कामगार मेले. पुन्हा बांधायला घेतल्यावर १९१६ मध्ये मधला भाग वर चढवताना तो निखळून नदीत पडला आणि आणखी १३ गेले. तोही साहेबाच्याच साम्राज्यातला. जे पडले ते आपल्या डोळ्यांसमोर नाहीत, म्हणून उरलेल्यांचे कौतुक.

निपाणीकर : क्विबेक राहू द्या. कोलकात्यात ३१ मार्च २०१६ रोजी उड्डाणपूल कोसळला, तेव्हा ठेकेदार कंपनीच्या अधिकाऱ्याने ती देवाची करणी ठरवली. गंगेवरचा अगुवानी-सुलतानगंज पूल २०२२, २०२३ आणि २०२४ असा तीनदा ढासळला. क्विबेकमध्ये चौकशी आयोगाने अभियंत्यांची नावे घेऊन दोष दिला. आपल्याकडे टक्केवारी वाटून झाल्यावर नाव घ्यायचे कोणाचे?

निवृत्त ओव्हरसियर, खानापूर : टक्केवारी खरी, पण बहुधा आधी दगा देते ती सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा तात्पुरता आधार. ओल्या काँक्रिटचे वजन घनमीटरला सुमारे अडीच टन असते आणि ते घट्ट होईपर्यंत सारा भार टेकूंवर असतो. एका ओढ्यावरच्या मोरीचा स्लॅब माझ्या देखरेखीखाली होता. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी पाहतो तो टेकूंखालच्या फळ्या चिखलात चार बोटे रुतलेल्या. मी मिक्सर बंद करायला सांगितले. ठेकेदाराने साहेबांना फोन लावला आणि साहेबांनी मलाच ‘कामात अडथळा आणू नका’ असे सुनावले. क्विबेकमध्येही वाकलेले भाग तिथल्या तरुण अभियंत्याने मोजले होते, परंतु काम थांबवण्याचा अधिकार हाती नसल्याने तो सल्लागार अभियंत्याला विचारायला न्यूयॉर्कला गेला आणि तिथे पोहोचला त्याच दिवशी पूल पडला.

चिकोडीकर : आणि धोक्याचे फलक कोणत्या भाषेत असतात, तेही बोला! आमच्याकडे बेळगाव जिल्ह्यात कामाच्या ठिकाणी केवळ कन्नड आणि इंग्रजी. माझी आई अर्धवट गर्डरखालून वर्षभर भाजीला जात होती. वर काय लिहिले आहे, हे तिला कोणी सांगितले नाही.

टिळकवाडीकर : सीमावाद इथेही आणलात! वर चढणारे कामगार बिहार-बंगालचे. मराठी फलकाने त्यांचे काय भले होणार?

चिकोडीकर : खालून जाणारी माणसे माणसे नव्हेत काय? तुम्हाला कन्नड अक्षरे येतात, म्हणून हा तोरा. फलकावर ‘अपाय’ लिहिले होते. कोणी वाचून दाखवले असते, तर शब्द तिलाही कळला असता. अक्षरांनी घात केला.

टिळकवाडीकर : बरे, फलक मराठीत आणि हिंदीतही हवा, हे मान्य. मात्र वाचता येणाऱ्या ओव्हरसियरनेही साहेबांच्या फोनपुढे मान तुकवली, त्याचे काय?

निपाणीकर : ओव्हरसियर साहेबांपुरते माझे टक्केवारीचे शब्द मागे घेतो. पण मिक्सर शेवटी बंद केलात की नाही, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळलेत.

निवृत्त ओव्हरसियर, खानापूर : नाही केला. टेकू आणखी खचले, स्लॅब मधोमध दबला, पण पडला नाही, म्हणून बिल पूर्ण निघाले. पावसाळ्यात त्या मोरीवर अजूनही बरोबर मध्यावर पाणी साचते.