आयएसओ ८६०१ इंटरव्हल: '/' वर स्प्लिट केल्यावर दुसरा तुकडा पार्स होत नाही

प्रश्न
पायथन ३.११. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या स्टँडर्डमधला इंटरव्हल, म्हणजे 'सुरुवात/शेवट' अशी स्ट्रिंग, वाचायचा आहे. '/' वर स्प्लिट करून दोन्ही तुकडे डेटटाइमच्या फ्रॉमआयएसओफॉरमॅटला देतो. '२०२४-०२-१५टी१३:३०+०२:००/१५:३०' आली की दुसऱ्या तुकड्यावर व्हॅल्यूएरर येतो. शेवटाच्या जागी '/पी१एम' (एक महिन्याचं ड्युरेशन, म्हणजे कालावधी) आलं तरी तेच. पी१एमसाठी सरळ ३० दिवसांचा टाइमडेल्टा (पायथनमधला कालावधीचा प्रकार) धरला तर चालेल का?

उत्तर १
दुसरा तुकडा सुटा वाचताच येत नाही. शेवटातले सुरुवातीशी जुळणारे मोठे घटक गाळायची स्टँडर्डमध्ये मुभा आहे, आणि ऑफसेट (+०२:०० सारखा, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक) दिला नसेल तर सुरुवातीचाच लागू होतो. म्हणजे तुमचा शेवट १५ फेब्रुवारी, १५:३०, +०२:००. तसंच '२०२४-०२-१५/०३-१४' म्हणजे १४ मार्च २०२४.

आधी सुरुवात पूर्ण पार्स करा. मग शेवट बघा: 'पी'ने सुरू होत असेल तर ड्युरेशन, 'टी' नसून कोलन असेल तर नुसती वेळ, बाकी वेळी तारखेचे जे घटक नाहीत ते सुरुवातीतून भरा. हायफनवरून तारीख ओळखू नका, ऋण ऑफसेटमध्येही हायफन असतो. आणि ड्युरेशन आधी, शेवट नंतर असाही क्रम वैध आहे. तेव्हा उजवा तुकडा पहिल्यांदा वाचावा लागेल.

उत्तर २
३० दिवस अजिबात धरू नका. ३१ जानेवारी २०२४ मध्ये पी१एम मिळवला की डेटयूटिल या पायथन लायब्ररीतला रिलेटिव्हडेल्टा २९ फेब्रुवारी देतो. जावास्क्रिप्टमध्ये सेटमंथने महिना वाढवला तर २ मार्च येतो. उलट दिशेने तर आणखी पंचाईत: 'पी१एम/२०२४-०३-३१'ची सुरुवात २९ फेब्रुवारी, पण तिच्यात पुन्हा महिना मिळवला की २९ मार्च. म्हणून मूळ स्ट्रिंगही साठवून ठेवा.

'एम' टीच्या आधी असेल तर महिना, नंतर असेल तर मिनिट. पीटी१एम आणि पी१एममधला हा फरक रेजेक्समध्ये (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या पॅटर्नमध्ये) हमखास निसटतो.

प्रश्नकर्ता
पी१डी (एक दिवस) आणि पीटी२४एच (२४ तास) मात्र एकच ना?

उत्तर ३
नाही. डेलाइट सेव्हिंग (काही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे-मागे करणं) बदलतं त्या दिवशी पी१डी म्हणजे उद्या घड्याळात हीच वेळ, पीटी२४एच म्हणजे मोजून २४ तास. टाइमडेल्टात दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे दिवस आणि तास वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. झोनइन्फो (पायथनचं टाइमझोन मॉड्यूल) लावलेल्या डेटटाइममध्ये टाइमडेल्टा मिळवला तर पायथन घड्याळाची वेळच पुढे सरकवतं. तासांसाठी आधी यूटीसीत न्या, बेरीज करा, मग परत आणा. नुसत्या +०२:०० वरून डेलाइट सेव्हिंग कळत नाही, झोनचं नाव वेगळं मिळवावं लागेल.

'टी२२:००/०२:००' आलं तर शेवट त्याच तारखेला, म्हणजे सुरुवातीच्या आधी पडतो. तिथे गुपचूप एक दिवस वाढवू नका, एरर द्या.