एफ४० ला ० ते १०० च्या आकड्यावर हरवणं मला मान्य नाही

घाटातला_गिअर
काल मित्रांमधे परत तोच वाद झाला म्हणून इथे टाकतोय. फेरारी एफ४० की पोर्शे ९५९. पोर्शेवाले दरवेळी एकच आकडा पुढे करतात, ० ते १००, म्हणजे जागेवरून ताशी १०० किमी गाठायला लागणारे सेकंद. एफ४० चा फेरारीने दिलेला आकडा ४.१ सेकंद, ९५९ चा चारच्या आत, बऱ्याच ठिकाणी ३.७ छापलेला. झालं, फेरारी हरली, विषय बंद.

माझं म्हणणं असं की हा आकडा गाडी किती पळते ते सांगतच नाही, जागेवरून सुटताना टायर किती पकड घेतात तेवढंच सांगतो. ९५९ चारही चाकांवर सुटते. एफ४० ला मागची दोनच चाकं ढकलतात, टायर ३३५ मिलिमीटर रुंद असले तरी ४७८ हॉर्सपॉवर एकदम आले की ते फिरणारच.

आता फेरारीचेच पुढचे आकडे घ्या. जागेवरून ४०० मीटर ११.९ सेकंद, १००० मीटर २०.९ सेकंद. वजाबाकी करा ना. शेवटचे ६०० मीटर ९ सेकंदांत, म्हणजे त्या पट्ट्यात सरासरी ताशी २४० किमी. आणि ही १९८७ ची नंबरप्लेट लावून रस्त्यावर फिरणारी गाडी! मला या आकड्याने जे होतं ते ४.१ ने कधीच होत नाही.

श्टुटगार्टकर
वजाबाकी बरोबर आहे पण टायरची पकड गाडीत धरायची नाही हे मला पटत नाही. पकड मिळावी म्हणूनच तर पोर्शेच्या इंजिनिअर लोकांनी एवढी वर्षं घालवली. मी इथे श्टुटगार्टला ९ वर्षं आहे, भारतातून कोणी आलं की त्सुफेनहाउझेन भागातल्या पोर्शेच्या म्युझियमला नेतो आणि ९५९ समोर दिसली की माझा पाय तिथून निघत नाही. पुढच्या चाकांना किती ताकद जातेय ते दाखवणारा वेगळा काटा आहे तिच्यात. कोरडा रस्ता, ओला, बर्फ असं निवडायला दांडी आहे. आणि गिअरच्या दांड्यावर १ च्या आधी एक G आहे, गेलेंडे म्हणजे खडबडीत रानातल्या रस्त्यासाठी. ही ९५९ १९८६ ला पॅरिस-डाकार रॅलीत वाळवंटातून पहिली आणि दुसरी आली. तुमचे ६०० मीटर कोरड्या, सपाट, रिकाम्या पट्ट्यावरचे आहेत. नोव्हेंबरात इथल्या ओल्या ऑटोबानवर (हायवेवर) दोन्ही गाड्या सोडा, मग बोलू.

ऑइलफिल्टर
दोघांनाही सांगतो, आधी आकडे कुठून आले ते बघा. एफ४० चं ११०० किलो वजन सगळे छातीठोकपणे लिहितात ते कोरडं वजन आहे, पेट्रोल ऑइल पाणी काही नाही. भरली की साडेबाराशेच्या आसपास जाते. ९५९ चे १४५० मात्र रस्त्यावर उभ्या गाडीचे. फरक ३५० चा नाही, २०० चा आहे. तरी एफ४० हलकीच, पण जेवढी मिरवली जाते तेवढी नाही.

दुसरं, टॉप स्पीड. ३२४ विरुद्ध ३१७ यावर लोक तासन् तास भांडतात. एवढ्या वेगात सगळी ताकद हवा कापण्यात जाते आणि लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३२४ भागिले ३१७, त्याचा घन केला की येतात १.०६८. आणि ४७८ भागिले ४५० म्हणजे १.०६२. कॅलक्युलेटर घेऊन स्वतः करून बघा. ते जास्तीचे ७ किमी म्हणजे निव्वळ २८ हॉर्सपॉवर आहेत, त्यात मारानेल्लोची, म्हणजे फेरारीच्या गावची, जादू पण नाही आणि पोर्शेची नामुष्की पण नाही.

घाटातला_गिअर
@ऑइलफिल्टर दादा घनाचं गणित एकदम मान्य, मी कधी असं करून बघितलं नव्हतं. पण मग तुमचंच वजन घेऊन बोलतो. ४७८ भागिले १.२५ टन म्हणजे टनाला ३८२ हॉर्सपॉवर. ९५९ ला ४५० भागिले १.४५, म्हणजे ३१०. एकदा चाकं धरली की पुढे कोण निघून जाणार हे उघड आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो ताशी १०० ते २०० किमीचा वेळ मोजा.

सांगली_टर्बो
माझा मुद्दा कोणीच काढला नाही, टर्बोचा, म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा. पहिल्या पिढीची टर्बो डिझेल ज्यांनी चालवलीय त्यांना माहितीये, चढावर तिसऱ्यात आहात, आरपीएम पडलेत, पाय दाबला तरी गाडी नुसती घरघर करते आणि मग अचानक कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी सुटते. एफ४० चं तेच, फक्त दहापट मोठं. २.९ लिटरचं व्ही८ (आठ सिलेंडरचं) इंजिन, दोन सारखे टर्बो, दोन्ही एकदमच जागे होणार, तोपर्यंत इंजिनात फार जीव नाही. ९५९ मधे खालच्या आरपीएमला एकच टर्बो फिरतो, तो लवकर हवा भरतो, वर गेल्यावर दुसरा येऊन मिळतो. त्यामुळे चौथ्या गिअरमधे ताशी ६० वरून पाय दाबला तर काय होतं, हा आकडा मला हवाय. १०० ते २०० मोजताना ड्रायव्हर आधीच आरपीएम वर धरून बसलेला असतो हो, तिथे टर्बोचा आळस दिसणारच नाही.

रिमा_आरपीएम
मी मारानेल्लोच्या म्युझियममधे एफ४० अगदी हातभर अंतरावरून बघितलीय म्हणून लिहिते. लाल रंग इतका पातळ की खाली कार्बनच्या कापडाची वीण दिसते, जाड सुती कापडाला एकच हात मारल्यासारखी. आत दार उघडायला हँडल नाही, एक दोरी आहे, ती ओढायची. गालिचा नाही, रेडिओ नाही. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, ब्रेकला सर्वो म्हणजे पायाचा जोर वाढवणारी मदत नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. ते २०० किलो कुठून वाचले ते दाराच्या दोरीशी उभं राहिलं की समजतं. @श्टुटगार्टकर तुमच्या ९५९ ने ड्रायव्हरसाठी विचार केला हे खरंच आहे, पण एफ४० चे ९ सेकंद एका माणसाने स्वतःच्या पायाने आणि मनगटाने काढायचे होते, मधे कुणी मदतीला नाही. मला तो आकडा म्हणून मोठा वाटतो. एन्झो फेरारी असताना आलेली ही शेवटची गाडी, १९८८ च्या ऑगस्टमधे ते गेले.

ऑइलफिल्टर
ताई वर्णन सुंदर, पण ड्रायव्हरला त्रास जास्त म्हणून आकडा मोठा हे नाही पटलं. घड्याळाला त्रास दिसत नाही. आणि नुसतं हलकं असण्यावरच जायचं तर मग रूफ या पोर्शेवरून गाड्या बनवणाऱ्या जर्मन कंपनीची पिवळी सीटीआर घ्या, तीही १९८७ चीच. ११५० किलो, ४६९ हॉर्सपॉवर, जर्मनीतल्या एरा-लेसिएनच्या चाचणी ट्रॅकवर ताशी ३३९. दिसायला जुनी ९११, आणि या दोघींच्या पुढे. तिचं नाव या वादात निघतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

श्टुटगार्टकर
रूफबद्दल शंभर टक्के. तसं तर ९५९ ची हलकी आवृत्ती पण ५१५ हॉर्सपॉवरवर १९८८ ला इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर ताशी ३३९ गेलीय, पण ती २९ च बनल्या म्हणून मी तिला मधे आणत नाही.

@घाटातला_गिअर १०० ते २०० ला तुमची गाडी पुढे, हे मी लिहून देतो, टनाला ३८२ समोर ३१० चं काही चालत नाही. पण सांगली दादांचा चौथ्या गिअरचा मुद्दा तुम्ही सोडून दिलात.

घाटातला_गिअर
सोडला नाही, विचार करत होतो. चौथ्यात ६० वरून ९५९ च आधी निघेल, त्यात वाद नाही. पण एफ४० वाला त्या वेळी चौथ्यात असेलच का? तो खालच्या गिअरमधे असेल, आरपीएम वर धरून, आणि मग ते ६०० मीटर परत माझेच.

सांगली_टर्बो
घाटात समोर ट्रक असताना दर वळणाला आरपीएम असे वर धरून दाखवा, मग तुमचे.