मदत हवी आहे: पोलीस भरतीच्या सरावात दोन धावांमध्ये विश्रांती किती असावी?

नमस्कार मंडळी. माझी पुतणी पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करीत असून रोज पहाटे नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर धावते. १०० मीटर ती उत्तम धावते. ८०० मीटरच्या शेवटच्या टप्प्यात मात्र तिचे खांदे वर चढतात, मुठी आवळल्या जातात आणि पाय उचलेनासे होतात.

मी वाचले ते असे. स्नायूंत तयार असलेले एटीपी (पेशींना थेट ऊर्जा पुरवणारे रेणू) जोराच्या धावेत जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढेच असते. त्याची भरपाई क्रिएटिन फॉस्फेट हे स्नायूंतच साठलेले दुसरे संयुग लगेच करते, पण तोही साठा साधारण १० सेकंदांत बराचसा आटतो. ग्लायकोजेनचे, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या ग्लुकोजचे, प्राणवायूविना होणारे विघटनही झपाट्याने ऊर्जा देते. मात्र त्यात ग्लुकोजच्या एका रेणूमागे केवळ २ ते ३ एटीपी मिळतात, तर प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे ३०. हे तिन्ही मार्ग पहिल्या पावलापासून एकत्रच चालतात, फक्त त्यांचा वाटा बदलत जातो. ८०० मीटरला निम्म्याहून अधिक ऊर्जा प्राणवायूवरच मिळते, त्यामुळे केवळ १०० मीटरच्या धावा काढून तिचा शेवटचा टप्पा सुधारेल, असे मला वाटत नाही.

खरी अडचण विश्रांतीची आहे. क्रिएटिन फॉस्फेट अर्ध्या मिनिटात निम्मे भरून येते, पण जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तिच्या गटातील मुली मात्र १०० मीटर धावून चालत परत येतात आणि लगेच पुढची धाव घेतात. अशाने वेग वाढतो, की फक्त दमलेल्या पायांनी धावण्याची सवय होते?

दुसऱ्या दिवशी पाय दुखले की लॅक्टिक ॲसिड साठले, असे तिला मैदानावर सांगतात. परंतु व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचे शरीरातील रूप) पूर्वपातळीवर येते, आणि हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवसाचे दुखणे स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांशी जोडले जाते. मग असे पाय दुखत असताना तिने वेगाचा सराव करावा, की त्या दिवशी सावकाश लांब धावावे?

ज्यांनी स्वतः भरतीची तयारी केली आहे किंवा धावपटूंना शिकवले आहे, त्यांनी कृपया आठवड्यात वेगाचे आणि दमाचे दिवस कसे वाटावेत, तसेच धावेची वेळ कितपत घसरली की त्या दिवसाचा वेगाचा सराव थांबवावा, हे सांगावे.