कॉलेज फुटबॉलपटूंना ड्राफ्टसाठी तीन वर्षे थांबवणे न्याय्य आहे का?

कोलंबसकर (धागाकर्ता)

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या (सॉकर नव्हे) व्यावसायिक लीगमध्ये शिरण्याचा राजमार्ग म्हणजे दर एप्रिलमध्ये होणारा ड्राफ्ट. ७ फेऱ्या, ३२ संघ, आणि आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पहिल्या निवडीचा हक्क. आयपीएलच्या लिलावाशी याची गल्लत करू नये, कारण इथे बोली लागत नाही; ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच करार करावा लागतो आणि रक्कमही निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेली असते. या ड्राफ्टला पात्र होण्यासाठी शाळा संपून तीन वर्षे उलटलेली असावी लागतात. हा नियम रद्द व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रनिंग बॅक, म्हणजे चेंडू छातीशी कवटाळून बचावफळीत घुसणाऱ्या खेळाडूंवर तो उघड अन्याय करतो.

हिशेब मांडून पाहा. अठराव्या वर्षी शाळा संपते, एकविसाव्या वर्षी ड्राफ्ट होतो, पहिला करार चार वर्षांचा असतो आणि तिसरा हंगाम संपेपर्यंत तो वाढवून घेण्याची बोलणीसुद्धा करता येत नाहीत. म्हणजे आपली किंमत स्वतः सांगण्याची पहिली संधी चोविसाव्या वर्षी येते, आणि तोवर बहुतेक रनिंग बॅकचे गुडघे बोलू लागलेले असतात.

साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मार्कस लॅटिमोरने २०१० मध्ये पहिल्याच हंगामात जवळपास १,२०० यार्ड धाव घेतली होती. नियमामुळे तो तिसऱ्या हंगामातही कॉलेजमध्येच खेळत होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये, एकविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला असताना, टेनेसी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात एका धडकेत त्याचा उजवा गुडघा निखळला आणि अस्थिबंध फाटले. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात उतरून त्याच्याभोवती उभे राहिले होते. पुढच्या वर्षी एनएफएलच्या सॅन फ्रान्सिस्को संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतले, पण एकही सामना न खेळता त्याने २०१४ मध्ये निवृत्ती पत्करली. त्या तिसऱ्या वर्षाची भरपाई त्याला कोणी आणि कशी द्यायची?

सह्यवारा

लॅटिमोरचे उदाहरण मन हेलावणारे आहे, परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. तीच धडक त्याला व्यावसायिक मैदानावर बसली असती, तर ती अधिक वजनदार आणि अधिक वेगवान माणसांकडून बसली असती. एकोणीस वर्षांच्या मुलाची हाडे आणि स्नायू पूर्ण भरलेले नसतात, आणि समोर उभा राहणारा बचावपटू तिशीतला, सव्वाशे-दीडशे किलोचा असू शकतो. वैभव सूर्यवंशीने २०२५ मध्ये चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकले, याचे दाखले अशा चर्चांत नेहमी दिले जातात; पण क्रिकेटमध्ये गोलंदाज धावत येऊन फलंदाजाला आडवा करत नाही.

ओक्लाहोमा विद्यापीठाच्या रनिंग बॅक एड्रियन पीटरसनचेही पाहा. २००४ मध्ये पहिल्याच हंगामात १,९२५ यार्ड काढणारा हा खेळाडू नियमामुळे २००७ पर्यंत थांबला, मधल्या काळात त्याचा घोटा दुखावला आणि गळपट्टीचे हाडही मोडले. तरीही व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी त्याने एका सामन्यात २९६ यार्डांचा विक्रम केला आणि पुढे दीर्घकाळ खेळला. थांबल्याने त्याचे वाटोळे झाले असे म्हणता येणार नाही.

वाचनवेडी

शरीराचा मुद्दा खरा असेल, तर त्याचा निर्णय डॉक्टरांनी प्रत्येक खेळाडूला तपासून घ्यावा. फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसमध्ये होणाऱ्या ड्राफ्टपूर्व चाचण्यांत तसेही वेगवेगळ्या संघांचे डॉक्टर एकामागून एक तोच गुडघा ओढून, वाकवून बघतात. इतकी बारकाईची तपासणी हाताशी असताना सरसकट वयाची भिंत कशासाठी?

माझा आक्षेप मात्र मुळात हा नियम कोणी केला यावर आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेटने जानेवारी २००३ मध्ये मायामी विद्यापीठाविरुद्धच्या कॉलेज अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या जादा डावात विजयी टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले, आणि नंतर या नियमाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारी २००४ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, परंतु मे महिन्यात अपील न्यायालयाने तो फिरवला. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक वाटाघाटींच्या चौकटीत पात्रतेचा नियम बसतो, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही, असा त्याचा आशय होता. कायद्याने ते योग्य असेलही. पण त्या वाटाघाटींच्या टेबलावर संघमालक होते आणि आधीपासून लीगमध्ये असलेले खेळाडू होते. ज्याच्या पोटावर पाय येणार होता तो एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे नव्हता.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्या २०११ च्या सामूहिक करारातही हेच घडले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७८ दशलक्ष डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २२ दशलक्ष मिळाले. जो हजर नाही त्याचा वाटा आधी कापला जातो.

रविवारचा_प्रेक्षक

ही सगळी चर्चा २०२१ पूर्वीच्या जगाची आहे असे मला वाटते. त्या वर्षीच्या १ जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर तर विद्यापीठे थेट पैसे देऊ लागली असून, पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे २०.५ दशलक्ष डॉलर ठरली. कॉलेजमध्ये खेळण्याची मुदत शिल्लक असतानाच ड्राफ्टमध्ये उतरणाऱ्यांची संख्या २०२१ मध्ये शंभरावर होती, ती २०२४ मध्ये साठीच्या आत आली. मुले आता आपखुशीने थांबत आहेत.

कॅम वॉर्डची वाटचाल याचा उत्तम नमुना आहे. शाळेनंतर त्याला सॅन अँटोनियोतील इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठाखेरीज कोणी विचारले नव्हते. तिथून तो वॉशिंग्टन स्टेटला गेला, जानेवारी २०२४ मध्ये ड्राफ्टसाठी नाव देऊन ते मागे घेतले, मायामीला एक हंगाम खेळला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये टेनेसी टायटन्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. घाई केली असती तर हे झाले असते का?

कोलंबसकर

वॉर्ड क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू आहे, आणि क्वार्टरबॅक पस्तिशीतही खेळतो. त्याच्यासाठी थांबणे ही गुंतवणूक ठरते. रनिंग बॅकसाठी प्रत्येक जादा हंगाम म्हणजे मुद्दलातून काढलेली रक्कम. शिवाय आपखुशीने थांबणे आणि नियमाने थांबवणे यांत फरक आहे. मुले आपण होऊन थांबत असतील, तर नियम काढल्याने कोणाचे काय बिघडणार आहे?

सह्यवारा

बिघडेल ते चुकीचा अंदाज बांधणाऱ्यांचे, आणि तेच संख्येने सर्वांत जास्त आहेत. कॉलेज फुटबॉलच्या संघटनेचाच अंदाज असा आहे की पात्र खेळाडूंपैकी जेमतेम १.६ टक्के व्यावसायिक होतात. लीगची सल्लागार समिती खेळाडूला पहिली फेरी, दुसरी फेरी, नाहीतर कॉलेजमध्येच राहा असे तीनच शेरे देते, आणि तो शेरा झुगारून उतरणारे दर वर्षी असतात. ड्राफ्टमध्ये उतरून निवड न झालेल्या फुटबॉलपटूला कॉलेजच्या संघात परतता येत नाही, तर बास्केटबॉलमध्ये २०१८ पासून ठरावीक अटींवर परतण्याची मुभा देण्यात आली. आधी हे दार दोन्ही बाजूंनी उघडे करा. एकोणिसाव्या वर्षी चुकलेल्याला विसाव्या वर्षी परत येता येणार असेल, तर तीन वर्षांच्या नियमाला असलेला माझा पाठिंबा मी मागे घेईन.

वाचनवेडी

या मुद्द्यावर आपले बऱ्यापैकी एकमत दिसते, पण अडचण जागांची आहे. २०२५ च्या त्याच समझोत्याने समझोता स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांवर १०५ खेळाडूंची मर्यादा घातली, आणि एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट होईपर्यंत प्रशिक्षकांनी परतणाऱ्याच्या जागी दुसऱ्या विद्यापीठातून आलेला खेळाडू घेतलेला असतो. म्हणून परतणाऱ्याला या मर्यादेबाहेर मोजण्याची तरतूद आधी हवी, नाहीतर दार उघडे असूनही आत जागा नसेल.