प्रपोझिशन २२: कौल लोकांचा की कंपन्यांचा?

सांताक्लारावाला
नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर १२ प्रपोझिशनं, म्हणजे लोकांनी थेट मत देऊन ठरवायचे कायद्याचे प्रस्ताव, होती. त्यातलं २२ वं मला अजून सलतं. २०१९ च्या एबी ५ कायद्यानं अ‍ॅपवरच्या चालकांना नोकरदार मानायची वाट मोकळी केली होती. उबर, लिफ्ट, डोरडॅश वगैरे अ‍ॅपवरून टॅक्सी नि जेवण पुरवणाऱ्या कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त ओतले, प्रवाशांच्या अ‍ॅपमध्येच प्रचार घुसवला आणि सुमारे ५९ टक्के मतांनी हवा तसा, चालकांना नोकरदार न मानणारा कायदा पदरात पाडून घेतला. वर पाचर अशी, की विधिमंडळाला दुरुस्ती करायची तर ७/८ बहुमत हवं! सह्या गोळा करून लोकांनीच कायदा मतपत्रिकेवर आणायची ही पद्धत १९११ मध्ये आणली ती सदर्न पॅसिफिक रेल्वेची राज्यावरची पकड सोडवायला. आता ती कंपन्यांच्याच कामी येतेय.

ओकलंडची माई
जाहिराती बघून मतदार वाहवले, हे बोलणं सोपं आहे हो. २०२२ मध्ये ऑनलाइन सट्ट्याच्या प्रपोझिशन २७ साठीही कंपन्यांनी असाच पैसा ओतला होता. ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी ते आपटलं. आणि ज्या चालकांना स्वतःच्या सवडीनंच गाडी काढायची होती, त्यांचं काय?

सांताक्लारावाला
माई, २७ च्या विरोधात कॅसिनोवाल्या आदिवासी जमातींचाही पैसा होता. पैशाला पैसा भिडला. २२ च्या वेळी विरोधातल्या कामगार संघटनांकडे कंपन्यांच्या पैशाच्या जेमतेम दहावा हिस्सा होता. शिवाय २२ मध्ये चालकांना किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी आहे ती फेरी स्वीकारल्यापासून संपेपर्यंतचीच. पुढच्या फेरीची वाट बघत घालवलेला वेळ हिशेबातच नाही.

बिनकामाचा
सरकारी माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचलेला माणूस दाखवा. चहा माझ्याकडून.

फ्रीमाँटकर
चहा पाठवा, मी वाचतो. २२ चं एवढं दुःख, मग त्याच मतपत्रिकेवरच्या १५ बद्दल कोणीच कसं बोलत नाही? १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे घराची करपात्र किंमत विक्री होईपर्यंत वर्षाला फार तर २ टक्के वाढते. त्यामुळे शेजारच्या आजोबांचं घर माझ्यासारखंच, पण कर माझ्या काही पट कमी. १५ नं फक्त मोठ्या व्यापारी मालमत्तांना बाजारभाव लावायचा होता, शाळांना पैसे मिळाले असते. ५२-४८ नं पडलं. तिथे कंपन्यांना दोष देऊन भागत नाही, "आज दुकानं, उद्या घरं" या धास्तीनं आपल्यातल्याही कित्येकांनी 'नाही' म्हटलं.

ओकलंडची माई
घर राखायला मत दिलं तर बिघडलं काय? पॅरोलवरच्या, म्हणजे तुरुंगातून अटींवर सुटलेल्या लोकांना मताचा हक्क प्रपोझिशन १७ नं दिला, तोही याच मतदारांनी.

सांताक्लारावाला
हक्क काढून घ्या म्हणतंय कोण? माझं भांडण त्या ७/८ शी आहे. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही २२ वैध ठरवलं. म्हणजे बदल हवा तर पुन्हा सह्या, पुन्हा मतपेटी, पुन्हा कोट्यवधी डॉलर.

ओकलंडची माई
मग लागा सह्या गोळा करायला. पटलं तर मीही करीन.